एका बहाव्याची रोजकीर्द

दरवर्षी एप्रिल संपत आला की मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो. पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेल्या बहाव्याचा फोटो असतो आणि खाली मजकूर असतो : बहावा फुलला, आता बरोबर ४५ दिवसांनी पाऊस. हा निरोप मला पहिल्यांदा आला तेव्हा मीही तो आणखी दहा जणांना पाठवला होता. त्यांपैकी एका शेतकरी मित्राने उलट विचारले, "फुलला म्हणजे नेमका कधी? पहिलं फूल आलं तेव्हा, की झाड पिवळं झालं तेव्हा? आणि कुठला बहावा?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याच्या खटपटीचा वृत्तान्त आहे. त्या खटपटीत हौशी छायाचित्रणाविषयी जे शिकलो, तेही यात आले आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि उमेदीची सगळी वर्षे एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्यात घालवली. राहायला साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कॅमेरा हाती आला तेव्हा इतरांसारखाच मीही 'चांगला फोटो' मिळवण्यामागे लागलो. घराजवळच्या रस्त्याकडेला एक बहावा आहे. त्याचे फोटो वर्षानुवर्षे काढत होतो, कारण तो वाटेत होता, एवढेच. मित्राच्या प्रश्नानंतर ते सगळे फोटो बाहेर काढले, आणि हिशेबनिसाच्या नजरेने पाहिल्यावर लक्षात आले, की माझ्याकडे पावत्यांचा ढीग आहे, हिशेब नाही.

पावती आणि नोंद

हिशेबात दोन वह्या महत्त्वाच्या. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार त्या दिवशीच लिहायचा आणि खतावणीत तेच व्यवहार खात्यांनुसार लावायचे. हौशी छायाचित्रकाराची रोजकीर्द आपोआप होत असते. आजचा कोणताही कॅमेरा किंवा मोबाइल प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, भिंगाची माहिती आणि सोय सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही साठवून ठेवतो. खतावणी मात्र आपोआप होत नाही. पळसाच्या खात्यावर पळस आणि धोब्याच्या खात्यावर धोबी लावायला बसावे लागते. तसे बसल्याशिवाय दहा हजार फोटोंतूनही 'पळस यंदा लवकर फुलला का?' याचे उत्तर निघत नाही.

फोटोची नोंद होण्यासाठी चार गोष्टी लागतात : काय, कुठे, कधी आणि कोणी पाहिले. यांतले 'कधी' आपण गृहीत धरतो, आणि मी नेमका तिथेच फसलो. कॅमेऱ्यातली बारीक बॅटरी संपली की घड्याळ मूळ तारखेवर जाते. एका वर्षी ते तसे गेले आणि माझ्या ध्यानात आले नाही. त्या अख्ख्या हंगामाच्या फोटोंवर फुललेला बहावा चक्क जानेवारीत उभा आहे. फोटो सुरेख आहेत, पण खतावणीत त्यांना जागा नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एक फोटो काढतो. घड्याळ बिघडलेच, तर चूक किती दिवसांची आहे हे तरी कळते.

दुसरी चूक याहून मजेशीर होती. फोटो तारखांप्रमाणे लावले, तेव्हा दिसले की पहिली काही वर्षे माझा बहावा नेमका रविवारी फुलत असे! कारण उघड आहे. मी रविवारीच कॅमेरा घेऊन बाहेर पडत होतो. फूल मंगळवारी आले असेल तर माझ्या लेखी ते रविवारीच आले. हौशी माणसाच्या नोंदींत असा सुट्टीच्या दिवसांचा रंग नेहमी मिसळलेला असतो. उपाय साधा आहे. मोजके दिवस ठरवून जायचे आणि जाऊन काही दिसले नाही तरी तसे लिहायचे. कॅमेरा जे आहे त्याचा फोटो काढतो. जे नाही त्याचा फोटो निघत नाही. म्हणून खिशात लहान वही हवी. 'गेलो, पाहिले, कळी नाही' ही ओळ फुलाच्या फोटोइतकीच मोलाची आहे. कचेरीत आम्ही याला 'निरंक' म्हणतो. निरंक नोंद नसेल, तर पहिले फूल खरोखर पहिले होते याला पुरावा काय?

एकाच जिल्ह्यातले सहा ऋतू

सातारा जिल्हा या कामासाठी जणू मुद्दाम आखून दिलेला आहे. पश्चिमेला महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एका दिवसाच्या प्रवासात दोन वेगळे देश पाहून होतात. तरी मी बहुतेक फोटो घरापासून चालत जाता येईल एवढ्याच टापूतले ठेवले, कारण परत परत जाणे तिथेच जमते.

थंडी ओसरू लागते तेव्हा आधी काटेसावर, मग पळस आणि पांगारा फुलतो. तिघांचीही फुले लाल-केशरी आणि मधाने भरलेली असतात. पाने झडून गेल्यामुळे ती दुरूनही दिसतात. इथे एक सवय लावून घ्यावी : फुलाचा जवळून एक फोटो, आणि संपूर्ण झाडाचा दुरून एक. जवळच्या फोटोवरून ओळख पटते, दुरच्या फोटोवरून बहर किती हे कळते. सावरीवर साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, बुलबुल यांची जत्रा भरते. एका झाडासमोर अर्धा तास बसले, तर कोण कोण मधासाठी येते याची यादीच हाती पडते.

उन्हाळ्यात बहाव्याबरोबर ताम्हणही फुलते. ताम्हण हे आपले राज्यफूल. मग मृग नक्षत्र लागते, साधारण ७-८ जूनला, आणि पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर मखमली लाल ठिपके चालू लागतात. हा मृगाचा किडा. लहानपणी आम्ही तो काड्यापेटीत ठेवत असू. त्याचा मोठा करून पाहिलेला फोटो मला बरेच काही शिकवून गेला, कारण त्यात पाय मोजता आले. ते आठ होते. म्हणजे हा कीटक नव्हेच, तो कोळ्यांच्या नात्यातला. डोळ्यांनी शंभर वेळा पाहिलेली गोष्ट फोटोत पहिल्यांदा दिसते, ती अशी.

पावसाळ्यात सगळ्यांचे पाय कासच्या पठाराकडे वळतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत कास आहे. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा जेमतेम थर असतो. त्यात पोषण कमी, म्हणून सीतेच्या आसवांसारखी वनस्पती मुळांपाशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते, तर दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरते. वर्षातले काही आठवडेच जगणाऱ्या या रोपांवर एक बूट पडला, तर त्या जागेचा त्या वर्षीचा हिशेब तिथेच बंद होतो. एका फुलाचा फोटो घेताना आपण दुसऱ्या दहा फुलांवर उभे नाही ना, हे आधी खाली वाकून पाहावे. खरे तर गौरीच्या दिवसांत घरी येणारा तेरडाही तेवढाच पाहण्याजोगा आहे. तो गावच्या ओढ्याकाठी मिळतो आणि त्याला प्रवेशपत्रिका लागत नाही.

पाऊस उघडला की फुलपाखरांचे दिवस येतात. खुळखुळ्याच्या झुडपांवर ब्लू टायगरसारखी फुलपाखरे गर्दी करतात, तीही फुलांवर नव्हे, तर सुकलेल्या पानांवर आणि शेंगांवर. त्यांतले नर तिथून विशिष्ट रसायने शोषून घेतात आणि मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांपासून तयार करतात. फुलपाखरू ओळखायचे, तर पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू फोटोत हव्यात. अनेक जातींची खरी खूण खालच्या बाजूलाच असते. शिवाय ते कोणत्या झाडावर बसले आणि अंडे कोणत्या पानावर घातले, याचाही फोटो हवा.

ऑक्टोबरात कृष्ण थिरथिरा येतो. घराच्या कुंपणावर बसून शेपटी थरथरवतो आणि थंडी आल्याची वर्दी देतो. त्याच्याही आधी, सप्टेंबरातच, ओढ्यावर करडा धोबी दिसू लागतो. हे पाहुणे दुरून येतात. त्यांची पहिली तारीख आणि शेवटची तारीख, एवढ्या दोनच नोंदी दरवर्षी ठेवल्या तरी पुष्कळ झाले. निरंक नोंदींचे मोल मला या पक्ष्यांनी शिकवले.

पंचेचाळीस दिवसांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे. सर्वांत आधी 'फुलला' या शब्दाची व्याख्या करावी लागली. देशभरातील हौशी मंडळी झाडांच्या नोंदी ठेवतात तो 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम आहे. त्यात दर आठवड्याला तेच झाड पाहून पालवी, कळ्या, फुले, फळे यांपुढे 'नाही', 'थोडे' किंवा 'भरपूर' असे लिहितात. ही रीत मी उचलली. तिच्यामुळे पहिले फूल आणि भर बहर यांतले अंतर किती मोठे असते हे लक्षात आले. माझ्या झाडाची रस्त्याकडची फांदी आधी फुलते, घराकडची मागाहून. पंचेचाळीस दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची हे ठरवले नाही, तर पुढेमागे सरकवून गणित नेहमीच जुळवता येते. हिशेबात याला ताळेबंद बसवणे म्हणत नाहीत, वेगळा शब्द आहे.

मग हवामान खात्याच्या तारखा घेतल्या. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्यातून ४५ दिवस वजा केले की २७ एप्रिल येते, आणि आपल्याकडे बहावा साधारण याच सुमारास बहरात असतो. म्हणजे समजूत खोटी नाही? जरा थांबा. सरासरी वर्षात जुळणे ही काही परीक्षा नव्हे. भाकिताची परीक्षा होते ती वेगळ्या वर्षात. २०२३ मध्ये पाऊस मुंबईत पोहोचायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. ७५ वर्षांत इतक्या लवकर तो तिथे आला नव्हता. बहाव्याला पावसाची आगाऊ खबर असती, तर २०२३ मध्ये तो ११ मेच्या आणि २०२५ मध्ये ११ एप्रिलच्या सुमारास बहरायला हवा होता. मधे एक पूर्ण महिना! माझ्या झाडाच्या त्या दोन वर्षांच्या बहरात फरक आहे, पण तो महिन्याच्या जवळपासही नाही. एका झाडावरून, तेही मुंबईपासून दूर असलेल्या, अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. तरी फोटो एवढे नक्की सांगतात, की या झाडाने उशीर ओळखला नाही आणि घाईही ओळखली नाही.

मग समजूत आली कुठून? बहावा फुलतो तो ऋतूच्या चक्रानुसार आणि पाऊसही येतो त्याच चक्रात. दोघांमधले सरासरी अंतर ठरावीक राहते, म्हणून एक दुसऱ्याची वर्दी देतो असे वाटते. भिंतीवरची दिनदर्शिकाही तेवढीच वर्दी देते. अशा खुणा सांभाळणाऱ्या आपल्या वाडवडिलांना मी हसत नाही. छापील दिनदर्शिका घरोघर नव्हती तेव्हा झाड हीच दिनदर्शिका होती, आणि पेरणीची तयारी करायला सरासरी पुरेशी होती. अडचण झाली आहे ती आपली. आता पाऊस सरासरीला धरून येत नाही आणि आपण मात्र सरासरीच्या खुणेवर 'बरोबर' हा शब्द चिकटवून ती पुढे पाठवतो.

इतरांच्या वह्या

अशा साध्या नोंदींतून पुढे काय निघते, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये पहिले फूल, पहिली पालवी, पहिली कोकिळेची हाक यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांनी ती वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात कॉन्कॉर्ड गावच्या फुलांच्या तारखा टिपल्या होत्या. दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रायमॅक या शास्त्रज्ञाने त्याच गावात तीच फुले पुन्हा पाहिली आणि ती सरासरीने आठवडाभर तरी आधी फुलू लागल्याचे दाखवले. दोघांकडेही कॅमेरा नव्हता. त्यांच्याकडे होती ती एक जागा आणि तारीख घालायची सवय.

आपल्याकडे कारवीचे उदाहरण घ्या. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी फुलली. फुलून बी धरले की ते झुडूप मरते. दुसऱ्या डोंगरावरचे वर्ष वेगळे असू शकते. विशीत ही नोंद सुरू करणाऱ्या माणसालाही एका डोंगरावरचा असा बहर आयुष्यात सात-आठदाच दिसणार. एकट्याची आठवण इथे पुरत नाही, वही पुढच्याच्या हाती द्यावी लागते.

माझ्या हातून घडलेले

छायाचित्रणाने नुकसानही होते, आणि ते सांगताना दुसऱ्याकडे बोट दाखवायची मला गरज नाही. सुरुवातीच्या दिवसांत बुलबुलाच्या घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून मी समोरची एक डहाळी बाजूला बांधली. फोटो मिळाला. डहाळी सोडायला मी विसरलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते आणि जवळच्या तारेवर कावळा बसला होता. ती डहाळी म्हणजे त्या घरट्याचा दरवाजा होता हे मला तेव्हा कळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना धक्का लावणे धरले आहे, हे नंतर वाचले. तो फोटो मी आजवर कोणाला दाखवला नाही. त्यानंतर घरट्याचा फोटो काढलाही नाही.

काजव्यांचेही तसेच. वळवाच्या सुमारास सह्याद्रीत काजवे पाहायला गर्दी लोटते. काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. बॅटरीच्या आणि गाडीच्या उजेडात ती खूण विरून जाते. शिवाय झाडभर काजवे लखलखताना दिसतात ते अनेक फोटो बहुधा बऱ्याच वेळाचे प्रकाश एकावर एक रचून तयार केलेले असतात. पाहायला हरकत नाही, पण एका क्षणी तिथे एवढे काजवे होते असे त्यावरून मोजू नये. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचा फोटो टाकताना मी ठिकाण फक्त तालुक्यापर्यंत सांगतो. नेमकी जागा माझ्या वहीत राहते आणि अभ्यासकाने मागितली तर त्यालाच मिळते.

झाडावरचा आकडा

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या बहाव्याच्या खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा रंगवलेला दिसला. रस्ता रुंद होणार होता. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात हरकत घेण्याची सोय आहे. मी अर्ज लिहिला. कार्यालयातल्या माणसाने तो सभ्यपणे घेतला आणि विचारले, "या झाडात विशेष काय आहे?"

एरवी मी 'सुंदर आहे', 'सावली देते' एवढे सांगून गप्प झालो असतो. या वेळी माझ्याकडे खतावणी होती. फुलातले लांब वाकडे पुंकेसर पाठीला घासत पराग गोळा करणारा मोठा काळा भुंगा. कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराची हिरवी अळी, आणि पुढे त्याच फांदीला टांगलेला कोश. जवळजवळ वर्षभर पिकत लोंबणाऱ्या हातभर शेंगा. हे सगळे मी 'बहाव्याचा फोटो' म्हणून काढलेच नव्हते. बहराच्या तारखेसाठी पुन्हा पुन्हा गेलो, म्हणून ते वाटेत सापडले. प्रत्येकावर तारीख होती. त्या गृहस्थांनी पाने उलटून पाहिली आणि सगळी फाइल अर्जाला जोडून घेतली. निर्णय अजून आलेला नाही.

ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांना एवढेच सांगतो : महागडे भिंग लागत नाही, अभयारण्यही लागत नाही. खिडकीतून दिसणारे एक झाड निवडा. दगडाने किंवा फरशीच्या रेघेने उभे राहण्याची जागा पक्की करा. दर आठवड्याला तिथूनच एक फोटो काढा, आणि वहीत एक ओळ लिहा. वर्ष संपले की फोटो ओळीने लावा. पहिल्या वर्षी फारसे काही दिसणार नाही. तिसऱ्या वर्षी प्रश्न पडू लागतील. तिथून पुढे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

येत्या एप्रिलमध्ये मी नेहमीच्या फरशीवर उभा राहीन. झाड असले तर झाडाचा फोटो काढीन, आणि नसले तर तिथल्या मोकळ्या जागेचा. निरंक असली तरी ती नोंद असते, आणि ती त्याच दिवशी घालायची असते.